तेरावी सायकल

नोकरीत मी शेकडो फिर्यादी लिहून घेतल्या आणि त्यांतल्या बहुतेक विसरलोही. मोठमोठे तपास आता नीट आठवत नाहीत. पण बारा तीनचाकी सायकलींच्या चोरीचा तो उन्हाळा डोळ्यांपुढून अजून हलत नाही. त्यातली सगळी माणसं आजही बारामती-इंदापूर भागातच राहतात, रोज एकमेकांना भेटतात. म्हणून नाव कुणाचंच लिहीत नाही. त्यांनी केलं ते मात्र जसं घडलं तसं लिहितो.

मी तेव्हा बारामतीतल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. गुरुवारी सकाळची हजेरी चालू असतानाच दोन गृहस्थ घाईघाईने आत आले. एक आमच्या ओळखीचे दातांचे डॉक्टर, गावातल्या एका सेवाभावी क्लबाचे त्या वर्षीचे अध्यक्ष. दुसरे सत्तरी ओलांडलेले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळं गाव नुसतं 'सर' म्हणे. डॉक्टर बोलत होते, सर भिंतीला टेकून उभे होते.

"साहेब, आमच्या सायकली गेल्या. बाराच्या बारा."

या सायकली म्हणजे अपंगांसाठीच्या, हाताने पायडल मारून चालवायच्या. त्यांच्यामागे गावाची सबंध थंडी खर्ची पडली होती. कल्पना सरांची. जळोचीपासून शेळगावपर्यंतच्या बागाईतदारांकडे ते स्वतः स्कूटरवर फिरले. पैसे नकोत म्हणाले, आठवड्याला मालाचं एक कॅरेट द्या. टोमॅटो, वांगी, मेथीच्या जुड्या, पेरू, डाळिंबं, जे निघेल ते. दर रविवारी सकाळी क्लबाची मंडळी मैदानावर तो माल विकायला बसत. डॉक्टर वांगी तोलतायत, वकीलसाहेब कोथिंबिरीवर पाणी मारतायत, त्यांच्या बायका पिशव्या भरतायत, हे दृश्य बघायला म्हणूनही लोक यायचे. मीही दोनदा पेरू नेले होते. त्यातून बारा गरजूंना सायकली द्यायच्या ठरल्या. कार्यक्रम येत्या रविवारी होता. सायकली जळोचीच्या बाजूला एका मंगल कार्यालयात ठेवल्या होत्या. गुरुवारी सकाळी क्लबाच्या बायका त्यांना फिती बांधायला गेल्या, तर हॉल मोकळा.

मी फिर्याद नोंदवून घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि आमच्या जुन्या हवालदारांना घेऊन जागेवर गेलो. या हवालदारांना सगळं ठाणं आबा म्हणायचं. अंगाने भारी, चालीने संथ, पण नजर अशी की, कोपऱ्यातली काडीही सुटायची नाही.

कुलूप शाबूत होतं. कडीवर ओरखडा नव्हता. फरशीवर चाकांचे माग सरळ मुख्य दारातून बाहेर गेलेले. शेजारच्या किराणा दुकानदाराने सांगितलं की बुधवारी भर दुपारी टेम्पो लागला होता आणि दोन खेपा झाल्या. त्याला वाटलं, क्लबाचंच काम चाललंय. त्याने उलट सायकली चढवायला हात लावला होता!

कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या बाईंकडे किल्ली असे. त्यांना विचारलं.

"मला काय ठावं न्हाय साहेब. मी घरी हुते."

एवढं बोलून त्या झाडू लागल्या. बोलताना त्यांनी एकच फरशी चार वेळा झाडली. आबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. पण नुसत्या झाडूवरून कुणाला ठाण्यात नेता येत नाही. त्यांचा जबाब लिहून घेतला आणि परतलो.

खरं सांगतो, तेव्हा मला राग आला होता. चोरांचा राग पोलिसाला रोज येत नाही, आला तर काम होत नाही. पण ज्याला दोन पाय नाहीत त्याची सायकल नेणारा माणूस कसा असेल, असा विचार मनात आला आणि तो गेला नाही.

शुक्रवारी सकाळी आबांचा मोबाइल वाजला. पळसदेवचा एक मासळीचा व्यापारी त्यांच्या जुन्या ओळखीचा. तो म्हणाला, "आबा, आमच्याकडं पान्याच्या कडंला बर्फाची जुनी शेड हाय न्हवं का, तितं दोन दिस झालं ग्राइंडर चाललाय. ढीगभर तीनचाकी सायकली हायती. कापाकापी चाललीया."

कापाकापी म्हटल्यावर आम्ही समजलो. भंगार करून विकायचा डाव. त्या हद्दीच्या ठाण्याला कळवलं, दोन पंच घेतले आणि गाडी काढली.

उन्हाळ्यामुळे उजनीचं पाणी बरंच मागे हटलं होतं. बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं. शेडच्या पुढे भेगाळलेल्या जमिनीचा, दगडगोट्यांचा लांबच लांब उतार. गाडी थांबवली आणि आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहिलो.

त्या उतारावरून एक माणूस तीनचाकी सायकलीवर बसून खाली येत होता. मांडीवर वाळूचं पोतं, पाठीमागच्या जाळीवर आणखी एक. चाकं दगडांवर आदळत होती, सायकल उडत होती आणि तो मान वाकडी करून पुढच्या चाकाकडे बघत होता. खाली पोचला. उतरला. तेव्हा दिसलं की त्याचा डावा पाय पोलिओने वाळलेला आहे. गुडघ्यावर हात दाबत तो सायकलीभोवती फिरला, चाक उचलून कान लावला, सांधा बोटांनी चाचपला आणि मग ती पोत्यांसकट सायकल ढकलत वर आणू लागला. आमचा गणवेश त्याला लांबूनच दिसला असणार. तो थांबला नाही, वळला नाही. चोर चढ चढून पोलिसांकडे येताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"कोण तुम्ही?"

"वेल्डिंगचा मिस्त्री हाय साहेब. गावात दुकान हाय माझं."

"या सायकली कुणाच्या?"

"क्लबाच्या."

"इथे कुणी आणल्या?"

"म्या आणल्या."

शेडमध्ये कापलेल्या लोखंडाचा ढीग होता. पुढचं चाक ज्यात बसतं ते चिमटे मुळापासून कापलेले. पंचनामा सुरू झाला तसा मिस्त्री म्हणाला, "साहेब, चार राहिल्यात. सांजच्यापतुर सोडा मला, तेवढ्या हुत्यात. मग कुठं बी न्या."

आमचा एक तरुण शिपाई हसला. "चोरी पुरी करून येतो म्हणतोय, साहेब!"

मी हसलो नाही, पण विश्वासही ठेवला नाही. मुद्देमाल जप्त केला, दोन टेम्पोत भरून ठाण्यात आणला आणि मिस्त्रीला नोटीस देऊन चौकशीला बसवलं.

चौकशीबद्दल लोकांच्या भलत्याच कल्पना असतात. मी नेहमी समोरच्याला खुर्ची द्यायचो आणि पाणी द्यायचो. माणूस टेकला की बोलतो. मिस्त्री मात्र टेकला आणि गप्प झाला.

"दार कुणी उघडलं?"

"म्याच."

"कशाने?"

"किल्लीनं."

"किल्ली कुणी दिली?"

उत्तर नाही.

"विकायच्या होत्या?"

"न्हाय."

"मग चिमटे का कापले?"

उत्तर नाही. मी तासभर वेगवेगळ्या वाटांनी फिरून त्याच दोन प्रश्नांवर आलो. गप्प राहणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. स्वतःला वाचवणारा दाराकडे बघत राहतो. दुसऱ्याला वाचवणारा सरळ तुमच्या डोळ्यांत बघतो. हा माझ्या डोळ्यांत बघत होता. मधूनच त्यानेच मला विचारलं, "साहेब, त्या न झालेल्या चार सायकली कुठं ठिवल्या?"

"आवारात आहेत. का?"

"त्यावर कुणी बसत न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, ठाण्यात सायकलीवर कोण बसतंय. पण त्याचं लक्ष उडालं होतं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. मी काही बोलणार एवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ आबांचा ओरडा.

झालं असं की मुद्देमाल उन्हात होता, तो सावलीत घ्यायला मी आबांना सांगितलं होतं. आबांनी ढकलण्याऐवजी वर बसून दोन पायडल मारले. गटाराच्या फरशीवरून चाक उतरलं आणि पुढचा चिमटा काडीसारखा मोडला. आबा तोंडावर आपटले.

मी खोलीच्या दारात पोचलो तोवर मिस्त्री गुडघ्यावर हात दाबत माझ्या पुढे निघून गेला होता. आबांना त्यानेच आधी उठवलं.

"लागलं का आबा? हात हलवून बघा. हलतोय न्हवं?"

आबांचं कोपर सोलवटलं होतं, बाकी ठीक होतं. मिस्त्री तिथेच उकिडवा बसला आणि मोडका तुकडा माझ्यापुढे धरला.

"बघा साहेब. पाइप कागदावानी हाय. आन् हे वेल्डिंग! नुस्तं वरनं लावलंय, आत धरलंच न्हाय. वरनं रंग झकास."

मी आबांना दुरुस्त झालेल्या सायकलीवर बसायला सांगितलं. ते तयार होईनात. शेवटी मीच बसलो, त्याच फरशीवरून दोनदा गेलो. सायकल करकरलीसुद्धा नाही. नवा चिमटा जाड पाइपाचा होता, सांध्याला आडव्या पट्ट्या होत्या, सीटखालच्या दांड्यालाही जोड दिला होता. माझी समजूत तिथेच बदलली. हा माणूस सायकली मोडत नव्हता.

"मिस्त्री, हे आधी कुणाला सांगितलं का नाही?"

"शबूद दिलाय."

"कुणाला?"

तो हातातला मोडका तुकडा पुसू लागला.

मी खोलीत जाऊन पंचनामा काढला. फिर्यादीत बारा सायकली. पंचनाम्यात जप्त तेरा. सकाळच्या घाईत सही करताना तो आकडा माझ्या नजरेतून सुटला होता, हे कबूल करायला हवं. पुन्हा आवारात जाऊन मोजल्या. तेराच. बारा कोऱ्या होत्या. तेराव्या सायकलीच्या सीटवर जुन्या लुगड्याची शिवलेली गादी होती आणि मागच्या जाळीत मेथीची वाळलेली पानं अडकली होती.

"ही कुणाची?"

मिस्त्रीने पहिल्यांदाच नजर खाली घातली.

सरांना फोन लावला. ते म्हणाले, "नमुना म्हणून एक आधी आली होती. पंधरा दिवसांपूर्वी शेळगावच्या एका भाजीवाल्या बाईंना दिली. छान चालली आहे म्हणाल्या."

महिला हवालदारांना सोबत घेऊन मी लगेच शेळगावला निघालो. घर सापडायला वेळ लागला नाही. दारापुढे मेथीचे चार वाफे. ओट्यावर पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. लहानपणच्या तापात दोन्ही पाय गेलेले. आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"मावशी, हात कसा मोडला?"

"पडले. माझीच चूक."

"सायकल मोडून पडलात ना? कालव्याच्या पुलाच्या उताराला?" पुलाचं मी अंदाजानेच म्हटलं होतं.

त्यांनी प्लास्टरवर पदर ओढला. मग म्हणाल्या, "मिस्त्रीनं सांगितलं व्हय?"

"त्यांनी काहीच सांगितलं नाही. म्हणून तर आलोय."

ते ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळं सांगितलं. पुलाच्या उतारावर चाक निसटलं, त्या रस्त्यात फेकल्या गेल्या, मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचल्या. पुतण्याने मोडकी सायकल पळसदेवच्या मिस्त्रीकडे नेली, कारण अपंगांच्या सायकली त्या भागात तोच नीट करतो. मिस्त्रीने चिमटा बघितला आणि स्वतः शेळगावला आला. म्हणाला, बाकीच्या बाराही अशाच असणार, क्लबाला सांगतो. मावशींनी त्याचा हात धरला आणि सांगू नको म्हणून शपथ घातली.

"का पण? तुमचा जीव जात होता!"

"साहेब, लोकांनी घरचा माल दिला, शिकलेली माणसं रस्त्यावर भाजी इकत बसली. फुकट मिळाल्याला नाव ठिवायचं नसतंय. आन् मी बोलले असते तर सगळ्या सायकली माघारी गेल्या असत्या. बारा जन आशेला लागल्यात. माझ्यापायी त्येंचं जायला नगं." वाफ्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "माझ्या बी वाफ्यातली मेथी गेली हुती त्यात. दर आठवड्याला."

मला नीट कळलं नाही असं वाटून मी विचारलं, "तुम्हीही माल देत होता?"

"दिला की. घेनाऱ्यानं द्यायचं न्हाय, असं हाय व्हय?"

महिला हवालदारांनी जबाब लिहिता लिहिता पेन थांबवलं. ओट्यावर बसून सरपटत फिरणारी ती बाई मला त्या क्षणी फार उंच वाटली. अशा माणसापुढे गणवेशात उभं राहायला संकोच वाटतो.

निघताना त्या म्हणाल्या, "दार माझ्या बहिनीनं उघडलं साहेब. कार्यालयात झाडायला असती ती. मिस्त्री म्हनला, बुधवारी नेतो, शनवारपतुर नीट करून हुत्या तशा ठिवतो, कुनाला कळायचं बी न्हाय. तिचं काम घालवू नगा."

ठाण्यात परतलो तेव्हा मिस्त्री आबांच्या कोपराला हळद लावत बसला होता. मी सांगितलं, शेळगावला जाऊन आलो. त्याने सुस्कारा सोडला.

"त्येंनीच सांगितलं न्हवं? मग झालं. माझा शबूद मोडला न्हाय."

आता तो मोकळेपणाने बोलला. सायकली पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला त्याने फोन केला होता. त्याने 'तुला काय करायचंय' म्हणून फोन ठेवला. मग एका शेतकऱ्याच्या गेटसाठी आणलेला जाड पाइप त्याने काढला, त्या शेतकऱ्याला थांबायला सांगितलं, दुकानाला कुलूप घातलं आणि शेडमध्ये जाऊन बसला. दोन दिवसांत नऊ सायकली. प्रत्येक सायकल वाळूची पोती घेऊन स्वतः उतारावरून नेऊन बघितलेली.

"मजुरी कोण देणार होतं?" मी विचारलं.

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "साहेब, मी सात वर्साचा हुतो. आईच्या कडेवर शाळंत जायचो. तवा अशाच कुठल्यातरी क्लबानं सायकल दिली. तिच्यावर शाळा झाली, आयटीआय झालं. ती मोडली न्हाय, म्हनून मी हितवर आलो. ती जर पैल्या दिशी मोडली असती, तर आईनं मला परत बाहेर काढलं नसतं."

कायद्याच्या भाषेत चोरीला लबाडीचा हेतू लागतो. इथे तो औषधालाही नव्हता. पण गुन्हा नोंदलेला, मुद्देमाल जप्त, आणि रविवार तोंडावर. त्या शनिवारी न्यायालय चालू होतं, हे आमचं नशीब. क्लबाच्या वकीलसाहेबांनी अर्ज दिला, मी अहवाल दिला आणि दुपारपर्यंत सायकली क्लबाच्या ताब्यात देण्याचा आदेश हातात आला. गैरसमजातून नोंदलेला गुन्हा म्हणून पुढे आम्ही प्रकरण बंद करायची 'क' समरी न्यायालयाला पाठवली, ती मंजूरही झाली.

सायकली परत पळसदेवला न्यायला वेळ नव्हता. मिस्त्रीने आपलं मशीन ठाण्याच्या आवारातच मागवलं. खबर कशी पसरली देव जाणे, तासाभरात क्लबाची मंडळी जमली. दातांचे डॉक्टर ग्राइंडर धरायला शिकत होते. वकीलसाहेब पाइप दाबून बसले होते. मिस्त्री सगळ्यांना हुकूम सोडत होता आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. "डाक्टर, दातावानी घासा, हळू!" असं म्हणाला तेव्हा डॉक्टरच सगळ्यांत मोठ्याने हसले. वाळू नव्हती, म्हणून वजनाला आबा बसले. सायंकाळच्या हजेरीपूर्वी चारही सायकली तयार झाल्या.

सर मात्र एका बाजूला बाकावर बसून होते. सायकली घेताना त्यांनीच पसंत केल्या होत्या. रंग बघितला, चाकं फिरवून बघितली, पण वर बसून बघितलं नव्हतं.

डॉक्टर त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, झालं ते निस्तरलं. उद्या याचा उच्चार नको. लोकांचा विश्वास उडेल, पुढच्या वर्षी कुणी कॅरेट देणार नाही."

सरांनी मान वर केली. "आणि त्या बाईंचा हात?"

डॉक्टर त्यांच्याशेजारी बाकावर बसले.

रविवारी मैदानावर मांडव भरला होता. बागाईतदार कुटुंबांसह आले होते. मी साध्या कपड्यात मागे उभा होतो. सर बोलायला उभे राहिले. त्यांनी माइकचा दांडा धरला.

"तुम्ही पोटच्या पोरासारखा वाढवलेला माल माझ्या शब्दावर दिलात. त्यातून मी जी वस्तू घेतली ती तपासली नाही. तेरा माणसांचा जीव मी धोक्यात घातला. एकीचा हात मोडला. चूक माझी आहे, क्लबाची नाही. ज्यांना आम्ही चोर समजलो त्या मिस्त्रींनी ती निस्तरली. आणि ज्यांचा हात मोडला त्यांनी तुमच्या श्रमांचा मान राखायला तोंड मिटून सोसलं."

मांडवातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मला वाटलं, आता लोक उठून जातील. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला गर्दी ओळखता येते असा माझा समज होता.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी उठले. त्यांना सगळे तात्या म्हणत. फेटा सावरत ते म्हणाले, "सर, मार्केटला माल नेताना आमी कॅरेटात वर लालभडक टमाटं लावतो, खाली कच्चं. समदेच लावत्यात. तुमी आज भर मांडवात कॅरेट उलटं करून दावलं. असा मानूस आमी बघितला न्हवता. पुढच्या साली माझं दोन कॅरेट धरा."

मग एकेक जण उठू लागला. तिकडे मिस्त्री मात्र कुणाकडे लक्ष न देता सायकलींजवळ बसून ब्रेक तपासत होता. सरांनी त्याला शाल द्यायला बोलावलं तर म्हणाला, "आधी सायकली वाटा. ऊन चढलंय, मानसं ताटकळल्याती."

शेळगावच्या मावशी आल्या होत्या. हात गळ्यात अडकवलेला, म्हणून त्यांची सायकल बहिणीने ढकलत आणली. त्या बहिणीचं काम गेलं नाही, सर स्वतः कार्यालयाच्या मालकांशी बोलले होते. सर मावशींच्या पाया पडायला वाकले. मावशी कासावीस झाल्या. डाव्या हाताने त्यांचं डोकं वर उचलत म्हणाल्या, "आवं सर, काय करताय! मास्तरानं का कुनाच्या पाया पडायचं असतंय?" त्या व्यापाऱ्याविरुद्ध क्लबाने रीतसर तक्रार केली. त्याचं पुढे काय झालं, तो वेगळा आणि लांबचा मामला आहे.

या तपासाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं नाही. माल कुणी नेला, कुठे दडवला, कुणाला विकला, हे तीन प्रश्न विचारत माझी नोकरी गेली. हा माणूस एवढे कष्ट कशासाठी घेतोय, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. त्या उतारावर मी त्याला पोती घेऊन चढताना डोळ्यांनी बघत होतो, तरी मला चोरच दिसला. वाईट माणसं बघून पोलीस निबर होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. चांगला माणूस समोर आला तर तो आपल्याला ओळखूच येत नाही, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. आणि असं वाटलं की त्या तीस-पस्तीस वर्षांत अशी किती माणसं माझ्या समोरच्या खुर्चीत बसून गेली असतील, ज्यांच्यासाठी कुणाचा चिमटा वेळेवर मोडला नाही.

निवृत्त झाल्यावर मी त्याच क्लबात जाऊ लागलो. रविवारी टोमॅटो विकतो. क्लब आता रुग्णांना खाटा, वॉकर, चाकाच्या खुर्च्याही वापरायला देतो, पण कुठलीही वस्तू मिस्त्रींनी पास केल्याशिवाय बाहेर जात नाही. त्यांची तपासायची पद्धत एकच. देणाऱ्यातल्याच कुणालातरी त्यावर बसवायचं आणि उतारावर सोडायचं. माझा नंबर नेहमी लागतो.

परवा नवी चाकाची खुर्ची आली. मी बसलो, मिस्त्रींनी मागून हात सोडला आणि खुर्ची वेगाने खाली निघाली. खाली पोचल्यावर मी म्हटलं, "मिस्त्री, या वयात भीती वाटते हो मला."

ते गुडघ्यावर हात दाबत उतार उतरून आले, चाकं बघितली आणि म्हणाले, "वाटलीच पायजे साहेब. देनाऱ्याला आधी भ्या वाटलं, तर घेनाऱ्याला वाटत न्हाय."